‘लोस क्रोनोक्रीमेनेस’ पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी : एक माणूस, एक संध्याकाळ, चार रकाने

गुंतागुंतीच्या रचनेचा चित्रपट संपला की चर्चा बहुधा यंत्रावर जाते. काळात मागे जाणं शक्य आहे का, मशीन चालतं कसं, त्यातल्या पांढऱ्या द्रवाचं काय काम, असल्या गोष्टींवर तासभर वाद होतो आणि चित्रपट मात्र हातातून निसटतो. ‘लोस क्रोनोक्रीमेनेस’ या स्पॅनिश चित्रपटाच्या बाबतीत हे फार होतं. (आपल्याकडे तो ‘टाइमक्राइम्स’ या इंग्रजी नावाने जास्त सापडतो.) नवख्या प्रेक्षकाला माझं पहिलं सांगणं असं, की मशीनचा विचार बाजूला ठेवा. संपूर्ण चित्रपटभर एकच प्रश्न धरून बसा : समोर दिसणाऱ्या माणसाला या क्षणी काय माहीत आहे? कोडं सुटतं ते या प्रश्नाने. हसूही यातूनच येतं आणि शेवटी अंगावर येणारी भीतीही यातूनच.

लेखाच्या पहिल्या भागात कथानक फोडलेलं नाही. पुढे एका जागी स्पष्ट सूचना दिली आहे. तिथे थांबा, चित्रपट पाहा आणि मग उरलेलं वाचा.

आधी थोडी ओळख

दिग्दर्शक नाचो विगालोन्दो १९७७ सालचा. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रिया प्रांतातलं काबेसोन दे ला साल हे त्याचं गाव, आणि हा त्याचा पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट. लेखनही त्याचंच. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ‘फँटॅस्टिक फेस्ट’ या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. स्पेनच्या चित्रपटगृहांत तो २००८ मध्ये लागला. लांबी साधारण दीड तास. महत्त्वाची माणसं चारच : एक्तोर हा मध्यमवयीन गृहस्थ, त्याची बायको क्लारा, जंगलात दिसणारी एक तरुणी आणि प्रयोगशाळेतला एक तरुण. हा शेवटचा म्हणजे स्वतः विगालोन्दो.

एक्तोर झालाय कार्रा एलेखाल्दे. हा बास्क (उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातला) नट स्पेनमध्ये विनोदी भूमिकांसाठी फार लाडका आहे. २०१४ मध्ये बास्क मुलगी आणि दक्षिणेकडचा अंदालुसियन मुलगा यांच्या प्रेमावरच्या एका विनोदी चित्रपटाने स्पेनमध्ये तुफान गर्दी खेचली. त्यातल्या मुलीच्या बापाच्या भूमिकेसाठी त्याला गोया हा स्पेनचा मानाचा चित्रपट पुरस्कारही मिळाला. असा नट या थरारपटात का घेतला असेल, हे डोक्यात ठेवून पाहायला बसा. त्याचं पोट थोडं सुटलेलं आहे, तो धावला की धापा टाकतो, आणि खुर्चीत बसून दुर्बिणीतून आजूबाजूला बघत राहणं ही त्याची विश्रांतीची कल्पना आहे. अशा माणसाच्या डोक्यावर काळाचं कोडं येऊन आदळतं. चित्रपटातला विनोद इथून सुरू होतो. कोणी विनोद सांगत नाही, कोणी हशा पिकवायला धडपडत नाही.

पायरी पहिली : सराव म्हणून आठेक मिनिटं

थेट मोठ्या चित्रपटाला हात घालू नका. विगालोन्दोने २००३ मध्ये ‘७:३५ दे ला मान्याना’ नावाचा कृष्णधवल लघुपट केला होता. आठेक मिनिटांचा आहे, आणि त्याला ऑस्करचं नामांकन होतं. एक बाई सकाळी नेहमीच्या कॅफेत नाश्त्याला येते आणि तिथलं वातावरण काहीतरी विचित्र असतं, एवढंच सांगतो. तो पाहताना स्वतःकडे लक्ष ठेवा. तुम्ही नेमके कधी हसलात आणि हसू नेमकं कधी आटलं? या दिग्दर्शकाकडे हसू आणि धास्ती एकाच दृश्यात शेजारी बसलेली असतात. त्या चवीची सवय आधी झाली की मोठ्या चित्रपटात ‘हे विनोदी आहे की भीतीदायक?’ असा गोंधळ होत नाही. दोन्ही आहे.

पायरी दुसरी : बैठक

ट्रेलर पाहू नका. पोस्टरवरचा डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला माणूस दिसला तर हरकत नाही, तो लवकरच येतो. डब केलेली प्रत टाळा आणि मूळ स्पॅनिश आवाज ठेवून सबटायटल लावा. संवाद थोडे आहेत, बरेचसे छोटे आहेत, त्यामुळे वाचताना दमछाक होत नाही. मूळ आवाजाचा आग्रह एवढ्यासाठी, की एलेखाल्देचा आवाज तासाभरात बदलत जातो. सुरुवातीचा आळसावलेला, कुरकुरणारा नवरा आणि शेवटचा सपाट, थंड आवाजात हुकूम सोडणारा माणूस यांतलं अंतर कानाला कळलं पाहिजे.

एका बैठकीत पाहा. मध्ये थांबून उद्या पुढचं पाहू म्हटलंत तर धागे सुटतील. घरच्या सगळ्यांसोबत बसणार असाल तर आधीच सांगून ठेवतो : यात नग्नता आहे, एका तरुणीवरची जबरदस्ती आहे, रक्त आहे. मुलांसाठी हा चित्रपट नाही.

पुण्याच्या पिफ किंवा पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवांत युरोपीय चित्रपटांची गोडी लागलेले पुष्कळ जण आहेत. मोठ्या पडद्याचं सुख वेगळंच, पण तिथे चित्रपट एकदाच भेटतो. या चित्रपटाचं निम्मं काम दुसऱ्या पाहण्यात होतं, म्हणून घरी थांबवून, मागे नेऊन पाहता येईल अशी सोय असलेली बरी.

पायरी तिसरी : पहिलं पाहणं, वहीशिवाय

पहिल्या वेळी काहीही लिहू नका. लिहायला मान खाली गेली की पडद्यावरची एखादी खूण हुकते, आणि या चित्रपटात फुकट ठेवलेली वस्तू जवळजवळ नाहीच. फक्त या गोष्टींकडे डोळे आणि कान लावून ठेवा.

जखमा. कोणाच्या अंगावर, कुठे, कधी आणि कशामुळे झाली.

वस्तू. कात्री, पट्टी, दुर्बीण, वॉकीटॉकी, कोट. एखादी वस्तू या हातातून त्या हातात जाते तेव्हा मनात नोंद करा.

वाहनं. कोणती गाडी, कोणत्या रंगाची, कोणाकडे.

आणि आवाज. फोनची घंटा, किंकाळी, दूरवरची धडक. एखादा आवाज आला आणि त्याचं कारण दिसलं नाही तर घाबरून जाऊ नका. कारण पुढे मिळणार आहे.

गोंधळ झाला तर होऊ द्या. चित्रपट तुमच्याशी लबाडी करत नाही. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक्तोरला सोडत नाही. त्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसतं, त्याला जे कळतं ते तुम्हालाही तेव्हाच कळतं. हा फार मोठा आधार आहे आणि नवखा प्रेक्षक तो विसरतो.

पायरी चौथी : संपल्यावर लगेच

चित्रपट संपला की इंटरनेटवर अर्थ शोधायला धावू नका. तिथे रंगीत आकृत्या आणि बाण काढून सगळं मांडून ठेवलेलं आहे आणि ते वाचलं की तुमचा आनंद गेला. त्याऐवजी कागद घ्या आणि आठवणीतून उतरवा : कोणी कोणाला काय केलं, आणि कोणत्या गोष्टीचं उत्तर मिळालं नाही. क्रम चुकला तरी चालेल. चार जण मिळून पाहत असाल तर प्रत्येकाने आपापलं लिहा आणि मगच बोला. आधी बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट सगळ्यांची होऊन बसते.

इथे थांबा. यापुढे सगळं कथानक उघड केलं आहे. चित्रपट पाहिला नसेल तर पाहून परत या.

पायरी पाचवी : दोन घड्याळं वेगळी करा

या चित्रपटाची रचना उलटसुलट आहे असं म्हणतात. घड्याळाच्या दृष्टीने ती तशी आहेच. पण एक्तोरच्या दृष्टीने पाहा. त्याच्या आयुष्यात सगळं एकामागोमाग एक, सरळ घडतं : तो दुर्बिणीतून पाहतो, जंगलात जातो, मार खातो, पळतो, यंत्रात शिरतो, बाहेर येतो, गाडी घेऊन निघतो, असं पुढे पुढे. एकही फ्लॅशबॅक नाही. जगाचं घड्याळ मात्र दोनदा तासाभराने मागे जातं.

म्हणजे घड्याळं दोन झाली. एक भिंतीवरचं, जे मागे जातं. दुसरं एक्तोरच्या शरीराचं, जे कधीच मागे जात नाही. शरीराचं घड्याळ वाचायची युक्ती म्हणजे त्याच्या जखमा. अंगावर काही नाही तो पहिला एक्तोर. दंडावर कात्रीचा वार आहे तो दुसरा. डोकं फुटल्यावर तो पट्टीवाला होतो, आणि पट्टी निघून चेहऱ्यावर जखमा उघड्या दिसतात तो तिसरा. माणूस एकच आहे. पण एकाच संध्याकाळी, एकाच परिसरात तो तीन वयांचा फिरतोय, आणि ही वयं तासांनी मोजायची आहेत. जखम पाहून आकडा सांगता यायला लागला की निम्मं कोडं सुटलं.

पायरी सहावी : रकाने आखा

कागद आडवा धरा. वरून खाली जगाची वेळ, म्हणजे दुपारपासून अंधार पडेपर्यंत. डावीकडून उजवीकडे तीन रकाने : एक्तोर १, एक्तोर २, एक्तोर ३. उजवीकडे चौथ्या रकान्याची जागा रिकामी सोडा. तो शेवटी भरायचा आहे.

पहिला रकाना सोपा आहे. घराची डागडुजी चाललीय, नवरा-बायको सामान आणतात, घरी एक फोन येतो आणि पलीकडून कोणी बोलत नाही. एक्तोर अंगणात दुर्बीण घेऊन बसतो. झाडीत एक तरुणी कपडे काढताना दिसते. क्लारा बाहेर गेल्यावर तो तिकडे जातो. तरुणी निपचित पडलेली असते. मागून डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस येऊन त्याच्या दंडात कात्री खुपसतो. तो पळत एका इमारतीत शिरतो. वॉकीटॉकीवरचा आवाज त्याला पट्टीवाल्यापासून सावध करत प्रयोगशाळेपर्यंत आणतो आणि तिथला तरुण लपण्यासाठी म्हणून त्याला यंत्रात शिरायला लावतो. इथे पहिल्या रकान्याच्या तळाशी जाड रेघ ओढा.

आता पेन्सिल उचलून दुसऱ्या रकान्यात वर न्या. यंत्रातून एक्तोर बाहेर येतो तेव्हा दिवस पुन्हा उजेडात आहे. पहिला एक्तोर दूर आपल्या अंगणात निवांत बसलाय. तरुण त्याला बजावतो की इथून हलू नकोस, कोणाला दिसू नकोस, संध्याकाळी पहिला एक्तोर यंत्रात शिरला की सगळं मिटलं. सल्ला अगदी साधा आहे आणि एक्तोर तो पाळत नाही. तो घरी फोन लावतो आणि पलीकडून स्वतःचाच आवाज येतो. (पहिल्या रकान्यातला मुका फोन आठवा. आता त्या ओळीपासून या ओळीपर्यंत बाण काढा. तुमच्या कागदावरचा हा पहिला बाण.) मग तो गाडी घेऊन निघतो. सायकलवरच्या तरुणीला ओलांडून पुढे जातो, आणि एक लाल व्हॅन त्याला धडक देऊन झाडावर आदळवते. डोकं फुटतं. दंडाची पट्टी सोडून तो डोक्याला गुंडाळतो, आरशात पाहतो आणि त्याला कळतं की आपण ज्याला घाबरून पळालो तो माणूस आपणच.

या दृश्यापाशी थांबून नीट पाहा, कारण चित्रपट इथे वळतो. आतापर्यंत एक्तोरच्या बाबतीत गोष्टी घडत होत्या. आता तो त्या घडवायला लागतो. त्याने जे पाहिलंय ते जसंच्या तसं व्हायला हवं, नाहीतर पहिला एक्तोर जंगलात येणार नाही, यंत्रात शिरणार नाही आणि आपली सुटका होणार नाही, असं त्याने स्वतःला पटवलेलं असतं. मदतीला थांबलेल्या त्या तरुणीला तो धमकावून झाडीत नेतो आणि तिला कपडे काढायला लावतो. ती पळते, तो पकडतो, ती बेशुद्ध पडते. मग तो तिला आठवणीतल्या जागी, आठवणीतल्या स्थितीत मांडून ठेवतो आणि पहिला एक्तोर आला की त्याला भोसकतो.

मराठी रंगभूमीवरचा फार्स ज्यांनी पाहिलाय त्यांना या भागाची यंत्रणा लगेच ओळखू येईल. एकाने एका दाराने बाहेर जायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी दुसऱ्या दाराने आत यायचं, आणि दोघांची गाठ पडली की बोंब. इथे दारांच्या जागी झाडी आहे आणि गाठ टाळायची ती स्वतःशीच. घामाघूम झालेला एक जाडसर माणूस स्वतःच्याच आठवणीच्या बरहुकूम धावपळ करतोय, अंतर मोजतोय, दुर्बिणीतून दिसेल असं उभं राहतोय. हे हास्यास्पद आहे, आणि ज्या मुलीचा हात त्याने पकडलाय तिच्यासाठी ते अजिबात हास्यास्पद नाही. पहिल्या पाहण्यात आपल्याला बहुधा एक्तोरच दिसतो. दुसऱ्यांदा पाहताना मुद्दाम तिच्याकडे पाहा.

दुसऱ्या रकान्याचा शेवट छपरावर होतो. तरुणी निसटलेली असते. पट्टीवाला एक्तोर आपल्या घरी येतो, किंकाळी ऐकतो, एका बाईचा पाठलाग करत वर जातो, तिला पकडायला हात पुढे करतो आणि ती घसरून खाली पडते. खाली पाहतो तर ती क्लारा. निदान त्याला तसं दिसतं. मग प्रयोगशाळा. पहिल्या एक्तोरला यंत्रात शिरायला लावायचं काम तो वॉकीटॉकीवरून तरुणाला पढवून करून घेतो. त्यानंतर तो हट्टच धरतो की मलाही परत पाठव, आणि या वेळी थोडं आधीच्या क्षणी. तरुण कबूल करतो की तिसरा एक्तोर येऊन गेलाय आणि त्याने दुसऱ्याला रोखायला सांगितलंय. तरीही तो जातो.

तिसऱ्या रकान्यात वाचकाने स्वतः मेहनत करावी, म्हणून मी फक्त सांधे सांगतो. लाल व्हॅन कोण चालवत होता? तिसरा. त्याला दुसऱ्याला थांबवायचं होतं. त्या धडकेतूनच दुसऱ्याचं डोकं फुटतं आणि पट्टीवाला जन्माला येतो. किंकाळी कोणाची होती? त्याच तरुणीची, तिसऱ्यामुळे निघालेली. छपरावर कोण होतं? तिसरा एक्तोर क्लाराला बागेतल्या खोपटात लपवतो, तरुणीचे केस कापतो, तिला क्लाराचा कोट घालायला देतो आणि वर जाऊन लप म्हणतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे. तो पाहून आलाय.

प्रत्येक सांध्यासाठी बाण काढा. सगळे बाण काढून झाले की कागदावर एक गोष्ट दिसेल : सुटलेलं टोक जवळपास उरतच नाही. कात्री मात्र मी सांगणार नाही. ती पट्टीवाल्याच्या हातात कुठून आली, ते दुसऱ्या फेरीत तुम्ही शोधा.

पायरी सातवी : नेहमीच्या अडचणी

‘पण हे चक्र पहिल्यांदा सुरू कसं झालं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पहिल्या एक्तोरला जंगलात ओढायला दुसरा हवा, आणि दुसरा तयार व्हायला पहिला जंगलात जायला हवा. याला ‘पहिल्यांदा’ नाही. चित्रपटात काळाच्या अनेक शाखा फुटत नाहीत. संध्याकाळ एकच आहे, एकदाच घडते, आणि तीनही एक्तोर तिच्यात सुरुवातीपासून हजर आहेत. काळ बदलण्याच्या गोष्टी पाहायची सवय असेल तर हे मान्य करायला जड जातं. मान्य करा, बाकी सगळं सुरळीत बसतं.

‘मग त्याने काहीच केलं नसतं तर?’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तरुणाने सांगितल्याप्रमाणे दुसरा एक्तोर प्रयोगशाळेत बसून राहिला असता तर? चित्रपट उत्तर देत नाही, पण प्रत्येक टप्प्यावर एक्तोरपुढे हा पर्याय ठेवतो आणि तो प्रत्येक वेळी नाकारतो. ‘आता हे असंच व्हायला हवं’ हे वाक्य तो आडोशासारखं वापरतो. नियतीने त्याला ढकललं, की नियतीचं नाव घेऊन त्याने आपली सोय पाहिली? यावर वाद घाला. यंत्रावरच्या वादापेक्षा तो कितीतरी फलदायी आहे.

स्पॅनिश चित्रपटात या वाटेने चालणारा एक्तोर पहिला नव्हे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९६३ मध्ये, लुईस गार्सिया बेर्लांगाने ‘एल बेर्दुगो’ केला. पटकथेत राफाएल आस्कोना होता. एक साधा माणूस सरकारी फ्लॅट मिळावा म्हणून सासऱ्याची, मृत्युदंड अमलात आणणाऱ्याची नोकरी स्वीकारतो आणि प्रत्यक्ष वेळ कधी येणारच नाही, असं धरून चालतो. एकेक लहानशी तडजोड करत तो कुठे येऊन पोहोचतो, हे पाहताना प्रेक्षक हसतो आणि घुसमटतो. स्पॅनिश काळ्या विनोदातला हा भला गृहस्थ ओळखून ठेवा. त्याच्यात राक्षसी असं काही नसतं. तो फक्त आपलं घर सांभाळत असतो.

शेवटच्या दृश्याबद्दलही विचारणा होते. तिसरा एक्तोर अंगणात क्लाराशेजारी खुर्चीत बसतो. दुसरा गाडी घेऊन प्रयोगशाळेकडे निघालेला असतो. लांबून सायरन जवळ येत जातात. पोलिसांना काय सांगणार, क्लारा काय विचारणार, हे आपल्यावर सोडलंय. आपल्या रकान्यांपुरतं एवढंच पुरे : भोवतालचे दोन एक्तोर यंत्रात निघून गेले आणि मागे एकच उरला. चित्रपटाच्या सुरुवातीला अंगणात बसलेला माणूस आणि हा माणूस यांच्यात शरीराच्या घड्याळाने काही तासांचंच अंतर आहे.

पायरी आठवी : दुसरं पाहणं

मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. आता वही उघडा, आणि पहिल्या वीस मिनिटांतच चार-पाच वेळा थांबा. प्रत्येक वेळी विचारा : या क्षणी बाकीचे दोन कुठे असतील? पहिला एक्तोर दुर्बीण फिरवतोय तेव्हा दुसरा झाडाआड धापा टाकतोय. पहिला जंगलाची वाट चढतोय तेव्हा तिसरा कुठे आहे? रकान्यात पाहून उत्तर द्या आणि मग पडद्यावर, कानात, काही खूण मिळते का ते तपासा.

वॉकीटॉकीचा प्रसंग पुन्हा ऐका. पहिल्या वेळी तो आवाज आपल्याला तारणहाराचा वाटला होता. त्या आवाजाला काय बोलायचं हे कोणी पढवलंय ते आता तुम्हाला माहीत आहे. संवाद तेच आहेत, आपल्याला माहिती वाढली एवढ्याने त्यांचा अर्थ पालटतो. विनोदही इथेच उमलतो. एखाद्या पात्रापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं तेव्हा त्याची प्रत्येक सावध हालचाल मजेदार दिसते. पहिल्या पाहण्यात जो भाग निव्वळ भीतीचा होता तिथे दुसऱ्यांदा हसू फुटलं तर अपराधी वाटून घेऊ नका, दिग्दर्शकाने तशी मांडणीच केली आहे.

संगीताकडेही थोडं लक्ष द्या. श्रेयनामावलीत ‘चकी नामानेरा’ असं नाव दिसेल. ते टोपणनाव आहे, माणूस म्हणजे दिग्दर्शक-संगीतकार एउखेनिओ मिरा.

पायरी नववी : चौथा रकाना

कागदाच्या उजवीकडे सोडलेली जागा आता भरा. ही भूमिका बार्बारा गोएनागाने केली आहे. चित्रपटात या तरुणीला नावसुद्धा नाही, तेव्हा रकान्यावर ‘ती’ एवढंच लिहा. आणि फक्त तिला जे माहीत आहे तेवढंच लिहा.

ती सायकलवरून जातेय. रस्त्यात अपघात झालेली गाडी दिसते, म्हणून ती थांबते. डोक्याला रक्ताळलेल्या पट्ट्या बांधलेला माणूस तिला धमकावतो आणि झाडीत नेतो. का, ते तिला कळत नाही. ती पळते, पकडली जाते, शुद्ध हरपते. शुद्धीवर येऊन निसटते. मग तिला दुसराच एक माणूस भेटतो. तोही जखमी आहे, तोही त्या पट्टीवाल्याला टाळतोय. अखेर कोणीतरी आपल्या बाजूचं भेटलं, असं वाटून ती त्याच्यासोबत त्याच्या घरी येते. तो तिचे केस कापतो, कोट देतो, वर लपायला सांगतो. ती ऐकते. पाठोपाठ पट्टीवाला जिन्यावर येतो.

यंत्र, रकाने, बाण यातलं तिला काहीच ठाऊक नाही. तिच्या संध्याकाळी दोन वेगळे पुरुष आहेत, एक मारणारा आणि एक वाचवणारा, आणि पहिल्याचा चेहरा झाकलेला असल्याने दोघे एकच आहेत हे तिला शेवटपर्यंत समजत नाही. पहिल्या तीन रकान्यांत एक माणूस तीन वेळा लिहिलाय. तिच्या रकान्यात तोच माणूस दोन अनोळखी इसम म्हणून येतो.

हा रकाना भरल्यावर तिसऱ्या पाहण्याला बसा आणि कात्रीने केस कापण्याचं दृश्य लावा. एक्तोरकडे पाहू नका, तिच्याकडे पाहा. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय आहे ते लिहा, आणि ज्यांच्यासोबत चित्रपट पाहिलात त्यांनी आपापल्या कागदावर काय लिहिलंय ते विचारा.